रिमोटचा अभिषेक

नारायणगावच्या एसटी स्टँडमागं माझं दुकान आहे, प्रबुद्ध ऑटो इलेक्ट्रिक. नव्वद साली सुरू केलं तेव्हा लोक यायचे, ‘हॉर्न वाजत नाय’ म्हणून. पुढं यायला लागले, ‘हॉर्न वाजतोय, पण गाण्यात वाजत नाय’ म्हणून. आधी टेपला इक्वलायझर पाहिजे, त्याचे लाल-हिरवे दिवे नाचले पाहिजेत. मग रिव्हर्स टाकला की आरती लागली पाहिजे. मग गाडीखाली निळ्या ट्यूबा. पिंपळवंडीच्या एका महाभागानं तर टोमॅटोचे क्रेट वाहणाऱ्या पिकअपला मागं स्पॉयलर लावून घेतला. मी विचारलं, “भाऊ, टोमॅटो काय उडत नेणार का मार्केटला?” तो म्हणाला, “तू बसव रं.” मी बसवला. दोन वर्षांत सगळं भंगारात जातं आणि लोक नवीन खूळ घेऊन दारात उभे राहतात.

मी शिव्या घालतो आणि बसवतो. तोंड माझं लई चालतं, कुणालाही विचारा. पण ज्या दिवशी ते चालायला पाहिजे होतं, त्या दिवशी मी ते दाबून धरलं.

दोन हजार तीनचा मे महिना. निरगुडसरच्या नानासाहेबांनी नवी गाडी घेतली. सात सीटांची, पांढरी, एसीवाली. शोरूममधून घरी न जाता थेट माझ्या दुकानात. नानासाहेबांचा आवाज मोठा, पण माणूस वाईट नाही. म्हणाले, “प्रबुद्ध, सध्या जे जे नवीन निघालंय ते सगळं टाक. कुणाच्या गाडीत नाय ते पायजे.”

मग टाकलं. सगळ्या काचांना काळीकुट्ट फिल्म, पुढच्या काचेलासुद्धा. घासून घासून अशी चिकटवली की एक बुडबुडा राहू दिला नाही. आणि त्या वर्षीचं नवं खूळ म्हणजे रिमोटचं लॉक. चावी वेगळी, रिमोट वेगळा. रस्त्यात कुणी गाडी हिसकावून पळाला तर लांबून बटण दाबायचं. इंजिन बंद, दारं बंद, सायरन चालू. चोराला आतूनही दार उघडता येऊ नये म्हणून दारांच्या आतल्या खुंट्या मी कापल्या. बाहेरून कुणी पट्टी घालून उघडू नये म्हणून दारात पत्रे बसवले. नानासाहेब मांडीवर थाप मारून हसले.

“म्हंजी चोर पिंजऱ्यात! राव, याला म्हणत्यात गाडी. पूजेला तू पायजेच. तूच सजवलीस, जेवायला तू नाय म्हंजी काय?”

पूजा लेण्याद्रीला, पायथ्याशी. मी माझ्या स्कूटरवर गेलो. अकरा वाजले होते आणि ऊन असं की पार्किंगच्या मातीवर पाय ठेववत नव्हता. नानासाहेब, त्यांच्या मंडळी साळुबाई, मुलगा सूरज, सून हर्षाली, आणि भावकीतली वीस-पंचवीस माणसं. सूरजची तेजू, तेजस्विनी, तीन वर्षांची, मागच्या सीटवर झोपली होती. “झोपू द्या,” हर्षाली म्हणाली, “आत थंड हाय. एसी चालूच ठिवा.” म्हणून चावी आत, इंजिन चालू, दारं लावलेली, पण लॉक न केलेली. चाकांखाली चार लिंबं ठेवली, बोनेटवर हळदीचं स्वस्तिक काढलं.

गाडीच्या पूजेत चावीची पूजा करतात. चावी ताटात ठेवतात, तिला कुंकू लावतात, मग मालकाच्या हातात देतात. पण चावी आत होती. गुरुजी म्हणाले, “चावी?” नानासाहेबांनी खिशातून रिमोट काढला आणि ऐटीत ताटात ठेवला, नारळाशेजारी.

“चावीपेक्षा मोठी वस्तू हाय ही, गुरुजी. हिलाच अभिषेक करा.”

मी ते बघितलं. रिमोटची डबी म्हणजे दोन प्लास्टिकच्या वाट्या, मधे साधी फट. आत पाणी गेलं की रिमोट बिघडतो, हे मला माहीत होतं. मी एक पाऊल पुढं टाकलं. ‘ओ, पाणी नका घालू त्याच्यावर’, एवढं साधं वाक्य जिभेवर आलं होतं.

आणि थांबलो. का थांबलो तेही सांगतो, लाज कशाची. दोन वर्षांपूर्वी, गाव सांगत नाही, अशाच एका पूजेत मी गाडीचं बोनेट सारखं करायला हात लावला. एक म्हातारा सगळ्यांदेखत म्हणाला, “पूजा हुईस्तवर जरा लांब ऱ्हा रं.” का लांब, ते बोलला नाही. बोलायची गरज नव्हती. आम्ही बौद्ध, हे तिथं सगळ्यांना माहीत होतं. त्या दिवशी मी न जेवता निघून आलो होतो. इथं लेण्याद्रीच्या पायथ्याशी ते सगळं पुन्हा आठवलं आणि मनात म्हटलं, मरू दे, त्यांची पूजा, त्यांचा रिमोट. उद्या दुसरा विकू.

गुरुजींनी पळीभर पंचामृत घातलं, मग पाणी, मग परत पंचामृत.

टुक. ओल्या रिमोटचं बटण आपोआपच दाबलं गेलं आणि चारी दारं लॉक झाली. इंजिन धडधडत थांबलं. आणि सायरन कोकलायला लागला, सहा वेगवेगळ्या आवाजांत. आधी सगळे हसले. “देवानं ऐकलं बगा!” कुणीतरी म्हणालं. नानासाहेबसुद्धा हसत होते. मग हर्षालीनं कमरेवरचा हात काढला आणि तिचा चेहरा पांढरा पडला.

“अगं बाई! तेजू आत हाय!”

ती दाराला झोंबली. दार हललं नाही. मी ताटातून रिमोट उचलला, शर्टाला पुसला, उघडला. आत दूध आणि मध. फुंकर मारली, बॅटरी काढून परत घातली, बटण दाबलं. काही नाही. दुसरा रिमोट आणि दुसरी चावी निरगुडसरला कपाटात, आणि घरातलं एकूण एक माणूस इथं. सूरज कुणाची तरी मोटारसायकल घेऊन सुटला. जाऊन येऊन दोन तास तरी लागणार होते. दोन तास त्या पत्र्यात कुणी टिकत नाही, हे सगळ्यांना कळत होतं.

“काच फोडा!” साळुबाई ओरडल्या.

नानासाहेबांनी हात वर केला. “थांब! पूजेला काच फोडत्यात का? प्रबुद्ध उघडतोय. त्यानंच बसवलंय ना. उघड रं!”

आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, “दोन मिनटं द्या. काच नको, मी उघडतो.”

तेव्हा मला काचेची काळजी नव्हती, माझ्या नावाची होती. पंचवीस माणसांसमोर माझंच काम मलाच उघडता येत नाही, हे मला सहन होईना. दुसऱ्या एका गाडीतून स्टीलची पट्टी आणली, काचेच्या रबरातून आत घातली. खट्. माझाच पत्रा. दुसऱ्या दारात घातली. खट्. बोनेट उघडायची दोरी आत. मी मातीत पडून गाडीखाली शिरलो, सायरनची वायर तरी तोडावी म्हणून, कारण त्या कोकलण्यात काही सुचत नव्हतं. पाठ भाजत होती. दोन मिनटांची वीस मिनटं झाली होती. वरून हर्षालीचा आवाज येत होता, “रडतीय ती! मला ऐकू येतंय, रडतीय!” मला काहीच ऐकू येत नव्हतं.

खिशातून पक्कड काढली. एक वायर तोडली, चुकीची. दुसरी तोडली आणि सायरन बंद झाला.

सगळं शांत झालं. वर डोंगराकडं जाणाऱ्या लोकांचं बोलणं ऐकू यायला लागलं. सगळ्यांनी कान काचांना लावले. आत कुणी रडत नव्हतं.

मी गाडीखालून बाहेर आलो. हर्षाली पुढच्या काचेला तोंड लावून, दोन्ही हातांनी उजेड अडवून बघत होती. “दिसत नाय,” ती म्हणाली. “काळं हाय. काईच दिसत नाय.” मग माझ्याकडं वळली आणि माझी कॉलर धरली. “तुजी असती तर थांबला असतास का रं? सांग की, तुजी असती तर?”

मी एक धोंडा उचलला आणि पुढच्या डाव्या काचेवर घातला. धोंडा उडून परत आला. परत घातला. काचेला ओरखडासुद्धा नाही. नानासाहेब मागून काहीतरी म्हणत होते, मी त्यांना ढकललं, अगदी छातीवर हात ठेवून ढकललं. “बाजूला व्हा! कसली पूजा अन् कसला मुहूर्त!” खिशातला टेस्टर काढला, टोक काचेच्या खालच्या कोपऱ्यात धरलं आणि वरून धोंडा हाणला.

काच फुटली, हजार तुकडे झाले, पण पडली नाही. फिल्मनं धरून ठेवली. मीच चिकटवलेली फिल्म. मुठीनं मारलं, कोपरानं मारलं, मग दोन्ही हातांनी ती गोधडी ओढून काढली. हाताचं रक्त सीटवर सांडलं, ते नंतर कळलं. आतून जी वाफ आली तिनं माझा चेहरा भाजला. हर्षाली माझ्या आधी खिडकीतून आत गेली, साडीसकट, काचेच्या तुकड्यांवरून. मागच्या सीटपुढं खाली तेजू पडली होती. ज्याची खुंटी मी कापली होती त्या दाराकडं हात करून.

खिडकीतून आम्ही तिला बाहेर घेतलं. केस चिकटलेले, ओठ कोरडे, मान लुळी. साळुबाईंनी पूजेचा कलश उचलला आणि सगळं पाणी तिच्या डोक्यावर ओतलं. रसवंतीवाल्यानं बर्फ आणला. “तेजू, ए तेजू, डोळं उघड गं बाय.” मी नुसता उभा होतो. मग तिचे ओठ हलले. ती रडली नाही, नुसतं म्हणाली, “आई, दार.”

नानासाहेब तिथंच मातीत बसले आणि तोंडात उपरणं घालून रडले.

जुन्नरच्या दवाखान्यात तिला सलाईन लावलं. संध्याकाळपर्यंत ती बिस्कीट मागायला लागली. डॉक्टर म्हणाले, अजून दहा मिनटं गेली असती तर मी काही सांगू शकलो नसतो. मी बाहेर लिंबाखाली बसलो होतो, हाताला टाके घालून. साळुबाई येऊन शेजारी बसल्या.

“प्रबुद्ध, ते यंत्र ताटात ठिवलं तवा तू फुडं आला व्हतास. मी बगितलं. मग थांबलास का?”

मी खरं ते सांगितलं. म्हाताऱ्याचं सांगितलं, लांब ऱ्हा म्हणालेलं सांगितलं. “मावशी, पूजा तुमची. मी मधी बोललो असतो तर कुणी ऐकलं असतं?”

दारात नानासाहेब उभे होते, त्यांनी ऐकलं आणि खाली बघितलं.

“बोललंच असतं कुणीतरी तुला,” साळुबाई म्हणाल्या. “खोटं कशाला सांगू? आमच्यातलंच कुणीतरी बोललं असतं.” मग माझ्या पट्टी बांधलेल्या हाताकडं बघत म्हणाल्या, “पर शिवी खाऊन परत यायला येतं रं. पोरगी कुठून आणली असती?”

 

नानासाहेबांच्या गाडीतलं लॉक मी काढलं, फिल्म काढली, खुंट्या नव्या लावल्या. मला वाटलं, आता या लॉकचं नाव कुणी काढणार नाही. पण लोकांना काय सांगायचं! दसऱ्याला नानासाहेबांचे चुलतभाऊ हौशीराम यांनी गाडी आणली आणि हट्टानं तेच लॉक बसवून घेतलं. खुंट्या मात्र मी कापल्या नाहीत. ते तणतणले, मी उलटा तणतणलो.

पूजा नानासाहेबांच्याच अंगणात होती. ताट आलं. नारळ, पान-सुपारी, आणि मधोमध रिमोट. गुरुजींनी पळी भरली.

मी पुढं गेलो, ताटात हात घातला आणि रिमोट उचलून खिशात टाकला.

हौशीराम म्हणाले, “ए! पूजेच्या ताटात हात घालतोस?”

“घातला,” मी म्हणालो. पाय मागं घेतला नाही. “आदी गाडीत कोण हाय ते बगा.”

नानासाहेब भावाला काहीतरी सांगायला उठत होते, पण साळुबाई त्यांच्या आधी उठल्या. गाडीभोवती फिरून एकेक करत त्यांनी चारी दारं उघडली, सीटखाली वाकून बघितलं. तेजू ओट्यावर आईच्या मांडीत बसून हे सगळं बघत होती. गाडीत बसायचं म्हटलं की ती अजूनही आधी काच खाली करायला लावते.

“आत कुनी नाय,” साळुबाई म्हणाल्या. “आता करा पूजा. अन् दारं उघडीच ऱ्हाऊ द्या.”

मग माझ्याकडं वळल्या. “तू मागं नको जाऊस. हितं फुडं उभा ऱ्हा, माज्या शेजारी.”

मी उभा राहिलो.