पाहुण्यांनी उठायचं नाही

"अगंबाई, वन्सं! आधी कळवायचं तरी!"

दार उघडताच भावजयीची नजर अक्काच्या गळ्यात अडकवलेल्या हातावर गेली, आणि लगेच मागे, स्वयंपाकघराकडे.

"दवाखान्याच्या धोबीखान्यात पाय घसरला," अक्का म्हणाली. "नेमका इस्त्रीचाच हात मोडला बघ."

"आणि आजच ह्यांचे साहेब जोडीनं यायचेत! भांडी कोण बघणार आता?"

दुखतंय का, हे विचारायचं राहूनच गेलं.

धाकट्या भावाकडे कुणी जेवायला येणार असलं की अक्काला बोलावणं ठरलेलं. आल्याआल्या ती बाह्या सारून ओट्याशी उभी राहायची. चिरणं, वाढणं, मग भांड्यांचा ढीग. मधेच उभ्याउभ्या दोन घास. तरी शेजारणींना तोऱ्यात सांगायची, "मी काय पाहुणी आहे? घरचं माणूस मी!"

आज ती प्रथमच बाहेरच्या खोलीत बसली. टेबलावर ताटं मांडली होती. तिचं नव्हतं. भावाच्या ते लक्षात आलं, पण तो नुसतेच पाण्याचे ग्लास सरळ करत राहिला. शेवटी साहेबांची बायकोच सरकून म्हणाली, "या ना, इथे बसा. आपण कोण?"

"बहीण माझी," भाऊ पुटपुटला. "हाताला जरा लागलंय तिच्या."

मग कुठे आतून एक ताट आलं.

जेवणं उरकल्यावर साहेबांची बायको आपलं ताट उचलू लागली, तशी भावजय धावली. "छे छे, ठेवा ते! आमच्याकडे पाहुण्यांनी कामाला हात लावायचा नाही."

बाई हसून अक्काला म्हणाली, "ऐकलंत? आपल्याला नुसतं बसायचंय."

अक्काला हसू फुटेना. आत भावजय भांडी आपटत होती.

निघताना भाऊ जिन्यापर्यंत आला. "प्लास्टर कधी निघणार गं?"

"महिन्यानं."

"मग त्यानंतरच बोलावू कुणाला. तुझ्यावाचून हिचे फार हाल होतात."

हे तो अगदी मायेनं बोलला. तेच तिच्या जिव्हारी लागलं.

प्लास्टर निघालं, आणि चार दिवसांतच त्याचा फोन आला. "अक्का, रविवारी ये. बरीच मंडळी आहेत. झाला ना हात बरा?"

"नाही रे. अजून गळ्यातच आहे."

"अजून?" तो वैतागला. "बरं, राहू दे मग."

रविवारी तिनं एकटीपुरतं शिजवलं, ताट वाढून घेतलं आणि खुर्ची ओढून सावकाश जेवली. हात कसा आहे म्हणून विचारायला कुणाचा फोन आला नाही.