पंधरा ब्लॉकचं गाव

दिवाळीनंतरच्या दुपारी लातूरच्या क्लासेसच्या गल्लीत एक गुंगी उतरायची. सकाळच्या बॅचेस सुटलेल्या, संध्याकाळच्या सुरू व्हायला तीन तास अवकाश. भिंतींना टेकवलेल्या सायकलीसुद्धा झोपल्यासारख्या दिसायच्या. अशाच एका दुपारी वैजनाथ सर भांडायला म्हणून जिना उतरले.

सर फिजिक्स शिकवायचे. वय बेचाळीस, लग्न केलेलं नाही. वरच्या खोलीत ते टेस्टचे पेपर तपासत बसायचे आणि खालून गोळीबाराचे, मोटारींचे आवाज यायचे. खाली मुग्धानं व्हिडिओ गेमचं दुकान काढलं होतं. ती मूळची नांदेडची. नवऱ्याची बदली लातूरला झाली, घराची पुढची खोली रिकामी होती, तिनं चार टीव्ही आणि चार मशीन आणून मांडली. तासाला पंधरा रुपये.

सर दारात आले तेव्हा दुकानात एकही मुलगा नव्हता. मुग्धा एकटीच खेळत बसली होती. पडद्यावर संध्याकाळ झालेली. एक छोटा माणूस माळावर दगड रचत होता. चार दगड रचले की भिंत, चार भिंती झाल्या की घर. घराच्या धुराड्यातून धूर निघाला आणि लांबून कुठूनतरी गाईच्या गळ्यातली घंटा वाजली.

"सर, आवाज होतोय का? कमी करते."

"असू द्या," सर म्हणाले. मग थोड्या वेळानं, "हे दगड कुठंही ठेवता येतात?"

"कुठंही. बसा ना."

सर बसले ते चार वाजताच उठले.

दुसऱ्या दिवशी ते आलेखाचा कागद घेऊन आले. त्यावर पेन्सिलीनं काही रेघा होत्या. कशाच्या, हे मुग्धानं विचारलं नाही. पडद्यावर ते आपोआपच दिसत गेलं. वेशीतून आत आलं की मारुतीचा पार, पारामागं आड, आडापासून फुटणाऱ्या दोन गल्ल्या. सर घर बांधायचे, मोडायचे, हातभर सरकवून परत बांधायचे. बोटं अवघडली की थांबायचे आणि पडद्यावरच्या उन्हाकडं बघत राहायचे.

"हे कुठलं गाव, सर?"

"हरणवाडी. तेरणेच्या काठी होती."

'होती' म्हटल्यावर मुग्धाला पुढं काही विचारायची गरज राहिली नाही. भूकंपाला आठ वर्षं झाली होती. त्या पट्ट्यात कुठल्या गावाला 'आहे' म्हणायचं आणि कुठल्या गावाला 'होतं', हे नांदेडच्या माणसालाही ठाऊक होतं.

मशीन बंद केलं की सगळं जायचं. ते राहावं म्हणून मेमरी कार्ड लागायचं, काड्यापेटीएवढं. दुकानाच्या कार्डावर पोरांचे गेम खच्चून भरलेले. मुग्धानं सरांना समजावलं, "एका कार्डात पंधरा ब्लॉक असतात. तुमचा एक नकाशा पाच ब्लॉक खातो. म्हणजे तीन नकाशे मावतील. ओरिजिनल कार्ड सातशेला, डुप्लिकेट दीडशेला."

सरांनी दीडशेचं घेतलं. खेळण्यावर सातशे घालवायची लाज वाटली. पहिल्या नकाशात वेस आणि पार बसला, दुसऱ्यात वाण्याची गल्ली, तिसऱ्यात वरची आळी. महिना गेला. वीरण्णाच्या पिठाच्या गिरणीपुढची पायरीसुद्धा त्यांनी सोडली नाही. एका दुपारी त्यांनी चौथा नकाशा उघडला, नदीकडं उतरणारी वाट केली आणि जतन करायला गेले तेव्हा पडद्यावर पाटी आली: कार्डात जागा नाही.

"खालची आळी राहिली का?" मुग्धानं विचारलं.

"हो."

"तिकडं कुणाचं घर होतं?"

सर कागदाची घडी घालत राहिले. "आमचं," ते म्हणाले. "जागाच संपली बघा."

मुग्धाला वाटलं, हे गृहस्थ वेशीपासून सुरू करून महिनाभर स्वतःच्या घराकडं पोचायचं टाळत होते आणि कार्ड भरलं याचं त्यांना बरंच वाटलंय. पण ती एवढंच म्हणाली, "नांदेडला मोठं कार्ड मिळतं, सर. एकशेवीस ब्लॉकचं."

डिसेंबरात क्लासच्या कामानं सर नांदेडला गेले. वजिराबादेत एका अरुंद दुकानात तसलं कार्ड होतं. एका कार्डात आठ कार्डं, वरचं बटण दाबलं की पान उलटायचं. किंमत साडेतीनशे. दुकानदार भला होता. म्हणाला, "सर, सांगून ठेवतो. ह्याचा भरोसा नाही. जागा मोठी हाय पण कधी कधी इसरतंय. ओरिजिनल घ्या, पंधराचं. पैसे जातील, माल न्हाई जायचा."

"पण गाव दोन कार्डांत तोडावं लागेल."

"गाव?"

सरांनी मोठंच घेतलं. परतीच्या एसटीत अहमदपूरपर्यंत ते खिशातल्या कार्डावर हात ठेवून बसले. बाहेर तुरीच्या रानावर ऊन कलंडत होतं आणि डुलकी लागली की त्यांना खालची आळी दिसायची. पण दिसायची ती धुक्यातून. आपल्या घराचं दार पूर्वेला होतं की उत्तरेला, हे त्यांना खात्रीनं आठवेना. आठवेना म्हणून ते दचकून जागे झाले.

जानेवारीत त्यांची थोरली बहीण आली. तुळजाबाई. भूकंपाच्या रात्री घरात होती आणि वाचली ती एकटीच. आई, वडील, धाकटा भाऊ गेले. सर तेव्हा लातुरात होते. आता तुळजाबाई सरकारनं माळावर वसवलेल्या नव्या गावात राहायची. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आली होती. पट्टी सुटल्यावर आठवड्याभरानं सर तिला म्हणाले, "आक्का, खाली चल. एक दाखवायचंय."

काळा चष्मा लावून ती टीव्हीसमोर बसली. गाव आता मोठ्या कार्डात उतरवलेलं होतं; सरांनी वेस उघडली. छोटा माणूस पारावरून चालत निघाला. तुळजाबाईनं चष्मा कपाळावर सरकवला.

"आड हितं न्हवता, वैजू. पारापसून लांब व्हता. घागर घेऊन येताना दम लागायचा बघ."

सरांनी आड हलवला.

"हाव. आता बरुबर." ती पुढं सरकली. "ही गिरणी. हे चंद्रप्पाचं. अगं बाई, शेवग्याचं झाड बी लावलंय की! शेंगा लई कडू व्हत्या त्याच्या." ती हसली आणि मुग्धाकडं वळून म्हणाली, "ह्यो चोरून तोडायचा, अन् शिव्या मी खायची."

मग ती शोधू लागली. "आपलं घर कुठंय?"

सरांनी छोट्या माणसाला परत वेशीकडं वळवलं.

"केलं न्हाईस?"

"मला नीट आठवंना, आक्का."

"मग मला का न्हाई इचारलंस? आठ वर्सं झाली, तू एकडाव तरी इचारलंस का? येतूस, चा पितूस, शेवटच्या गाडीला पळतूस." हे ती रागानं म्हणाली नाही. हात पुढं करून म्हणाली, "घे दगड. मी सांगते."

चार दुपारी ते घर उभं राहत गेलं. दार उगवतीला. डाव्या हाताला गोठा, देवणी बैलांची जोडी बांधायची ती जागा. वर सात खणाचं मातीचं माळवद. चूल ह्या कोपऱ्यात, न्हाणी त्या. तुळजाबाई डोळे मिटून सांगायची आणि सर डोळे उघडे ठेवून बांधायचे. मधेच ती थांबायची. "हितं दादा निजायचे." वडिलांच्या त्या जागी सर काही ठेवायचे नाहीत, ती मोकळी सोडायचे. शाळकरी पोरं लवकर आली तर मुग्धा त्यांना बाहेरूनच परत पाठवायची. खोलीत पडदे ओढलेले, पडद्यावर कायमची संध्याकाळ, आणि दोघं बहीणभाऊ त्या उजेडात लहान होऊन बसल्यासारखे.

चौथ्या दिवशी शेवटची भिंत झाली. धुराड्यातून धूर निघाला. सरांनी जतन करायचं बटण दाबलं. पडद्यावरची पट्टी अर्ध्यावर आली आणि अडकली. मुग्धा उठून आली. तिनं कार्ड काढून फुंकर मारली, परत घातलं, पानं उलटून पाहिली. आठही पानं कोरी होती.

"जुन्या कार्डात पहिले तीन नकाशे आहेत, सर," ती घाईनं म्हणाली. "पार, वाण्याची गल्ली, वरची आळी. सगळं आहे. फक्त..."

फक्त काय, ते तिघांनाही कळलं. सर तसेच बसून होते. गुडघ्यावरचे हात त्यांनी मांडीखाली दाबले, जसं शाळेतली मुलं करतात. मग त्यांना रडू आलं. आठ वर्षांत त्यांना कुणी रडताना बघितलं नव्हतं. भूकंपाच्या सकाळी ढिगाऱ्यापुढंही ते नुसते मेलेल्यांची नावं लिहून घेत फिरले होते. मुग्धा पाणी आणायला आत गेली आणि मुद्दाम उशिरा आली.

तुळजाबाईनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "रड," ती म्हणाली. "तवा रडला न्हाईस, म्हनून मी बी तुझ्यासमूर रडले न्हाई. वाटायचं, ह्याला सोसायचं न्हाई."

थोड्या वेळानं तिनंच विचारलं, "सांग आता, दार कुनीकडं?"

"उगवतीला."

"गोठा?"

"डावीकडं."

"चूल?"

सर सांगत गेले. एकही चुकलं नाही.

मुग्धा म्हणाली, "सर, माझ्या कार्डात माझे दोन गेम आहेत. पुसून टाकते. दहा ब्लॉक मोकळे होतील. उद्यापासून परत बांधा." सरांनी मान हलवली, हो की नाही, ते तिला समजलं नाही.

दुसऱ्या दिवशी तुळजाबाई परत निघाली. सर तिची पिशवी घेऊन स्टँडवर आले आणि तिच्याबरोबर गाडीत चढले. क्लासला त्यांनी फोनवर कळवलं होतं की प्रकृती बरी नाही. भूकंपानंतरची त्यांची ही पहिली रजा होती.

नवं गाव सरळ रेघांचं होतं. सारखी घरं, दारांवर आकडे. सरांना ते कधीच आवडलं नव्हतं. पण तुळजाबाई नव्या डोळ्यांनी पुढं चालत होती आणि आकड्यांकडं न बघता सांगत होती, हे निवृत्तीचं, हे त्याच्या सुनंनं वाढवलेलं, ह्या आंब्याला पहिल्यांदाच मोहर आलाय. निवृत्ती ओट्यावर बसला होता. त्यानं हाक मारली, "कोन आलंय गं आक्का?"

"भाऊ हाय माझा."

संध्याकाळी शेजारची सिंधु ताटावर फडकं झाकून गरम भाकरी आणि ठेचा घेऊन आली. पाहुणा बघून तिनं पदर सावरला. "सर, शेवटची गाडी गेली की हो. ऱ्हानार का?"

चुलीपुढं तुळजाबाई लाकूड आत सारायचं थांबली.

"रविवारपर्यंत," सर म्हणाले.