सात दिवसांचा फुकट आवाज

मंगळवारी सकाळी माझा नवरा एका परक्या बाईच्या आवाजात बोलला.

मी चुलीपाशी अंडी तळत होते. मागून बातम्या सांगणाऱ्या बाईसारखा इस्त्री केलेला आवाज आला, “इन्साफ, मीठ कमी घाल.” हातातलं उलथनं खाली पडलं. वळून बघते तर दारात गाबर उभा, हातात फोन, आणि चेहरा असा की माझ्याआधी त्यालाच घाम फुटलेला.

गाबरला स्वतःचा आवाज नाही. उभं आयुष्य त्यानं आमच्या अनफुशी बंदराच्या मासळीबाजारात लिलाव पुकारले. सकाळी त्यानं बोली पुकारली की कोपऱ्यावरच्या कहवाखान्यातली माणसं म्हणायची, चला, गाबर उठला, आता दिवस उजाडला. मग गळ्यात गाठ निघाली आणि डॉक्टरांनी कंठ काढून टाकला. पण त्याआधी आमच्या लेकीनं, शुरूकनं, फोनात एक अॅप घेतलं होतं. खिडक्यांना गोधड्या बांधून, रस्त्यावरचे भोंगे थांबायची वाट बघत, गाबरनं त्यात कसलीकसली खुळी वाक्यं वाचली, निळी होडी बंदरात उभी आहे वगैरे. त्यातून अॅपनं त्याचा आवाज उचलला. आता तो टाइप करतो आणि फोन बोलतो, अगदी त्याच्याच घोगऱ्या, भांडखोर आवाजात. त्यासाठी मी माझी जाड बांगडी मोडली. तेव्हा लिहिलं होतं, एकदाच पैसे भरा, आयुष्यभर वापरा. कुणाच्या आयुष्यभर, हे आम्ही विचारलं नव्हतं.

शुरूकनं फोन हिसकावून वाचला. “आई, निरोप आलाय. ‘आम्ही अधिक चांगले होत आहोत. तुमचा वैयक्तिक आवाज आता मासिक योजनेत उपलब्ध आहे.’”

“चांगले होणार ते, आणि पैसे भरायचे आपण?”

“दर महिन्याला भरायचे. नाही भरले तर ही बाई.”

“आणि बांगडी? तिचे पैसे कुठं गेले?”

गाबरनं काहीतरी टाइप केलं आणि ती बाई गोड आवाजात म्हणाली, “आईच्या नादी लागू नको, शुक्रवारचं काय ते बघ.”

शुक्रवारी शुरूकचा निकाह होता. आमच्याकडे बापानं आपला हात नवऱ्या मुलाच्या हातात द्यायचा, वर पांढरा रुमाल टाकायचा, आणि निकाह लावणारे शेखसाहेब सांगतील ते शब्द त्यांच्यामागून म्हणायचे: मी माझी मुलगी तुला देतो. ऑपरेशनच्या आदल्या रात्री गाबर त्याच एका गोष्टीसाठी रडला होता. मासळीवाले, भाव, कहवा, सगळं गेलं तरी चालेल म्हणाला, पण पोरीला मीच दिली पाहिजे, माझ्या आवाजात. त्या रात्री मी त्याला शब्द दिला होता. आता त्या बातम्यावाल्या बाईनं माझी पोर द्यायची का?

खरं सांगते, मला पहिल्या क्षणापासून वास आला होता. अॅप आपोआप बिघडत नाही. कुणीतरी हात लावल्याशिवाय काही होत नाही. आणि हात कुणी लावला होता? रविवारी गाबरचे थोरले भाऊ, शौकी भाऊजी, आमच्याकडे जेवायला आले होते. “बघू, निकाहाच्या सभागृहाचे फोटो बघू,” म्हणत त्यांनी गाबरचा फोन बराच वेळ कुरवाळला. आता आठवा, गाबर आजारी पडला तेव्हा पहिलं वाक्य कुणाचं होतं? भाऊजींचंच. “काळजी करू नका, पोरीच्या वतीनं मी बोलेन.” अजून पोरीचं लग्न ठरलंही नव्हतं तेव्हा, आणि यांनी निकाहात बोलायची जागा धरून ठेवली. त्यात या आठवड्यात त्यांनी नवा सूट शिवला होता. काकाला नवा सूट कशाला लागतो? पाणी कुठंतरी मुरत होतं.

मी फोन घेऊन किरोलोसच्या दुकानात गेले. फोन त्यानंच विकला होता, म्हणजे तोही संशयातून सुटला नव्हता.

“मावशी, यात मी काय करणार?” तो म्हणाला. “सगळ्यांचंच असं झालंय. माझं फोटोंचं अॅप होतं, विकत घेतलेलं. परवा म्हणतंय, भाडं भर.”

“विकत घेतलेल्या घराला भाडं? आणि तू भरलंस?”

“भरलं. काय करू? नाक दाबलं की तोंड उघडतंच.”

“आमच्याकडे तोंडच उघडत नाही, तेच तर दुखणं आहे! बरं, भरते. घे हे कार्ड.”

त्यानं माझ्या बँकेचं कार्ड उलटंपालटं करून परत दिलं. “हे बाहेरच्या देशात चालत नाही. ज्यांचं कुणी आखातात आहे ते तिकडचं कार्ड वापरतात. तुमच्या नात्यात आहे का कुणी?”

होतं. शौकी भाऊजींचा मुलगा कुवेतला होता. मी काउंटरवर हात आपटला. “बघ! मला हेच ऐकायचं होतं!”

“काय?”

“काही नाही. तुला नाही कळायचं.”

मी निघाले तर तो मागून ओरडला, “मावशी, सात दिवस फुकट आहे, कार्डसुद्धा मागत नाही. तेवढ्यात निकाह उरकून जाईल!”

कार्ड मागत नाही, पैसे मागत नाही, मग मागतं काय? बाजारात कुणी फुकट मासा हातात ठेवला तर आधी त्याचे कल्ले उघडून बघावेत, हे मी गाबरकडूनच शिकले. मी फुकटाला हात लावला नाही.

संध्याकाळी भाऊजी आले, बोलावल्याशिवाय. किरोलोसनं सांगितलं असणार, ते पोरगं पोटात काही ठेवत नाही.

“शुरूकची आई, मुलाला फोन केला मी,” भाऊजी म्हणाले. “तो भरतो. दोन मिनिटांचं काम.”

“खातं कुणाच्या नावावर होणार?”

“त्याच्याच. कार्ड त्याचं आहे ना.”

“म्हणजे माझ्या नवऱ्यानं बोलायचं की नाही, ते कुवेतमध्ये ठरणार. आणि कुवेतला कोण सांगणार? तुम्ही. नळ आमच्या घरात, चावी तुमच्या खिशात!”

“अगं, मी मदत करतोय!”

“रविवारी फोनला काय केलंत ते आधी सांगा.”

भाऊजींचा चेहरा लाल झाला. “फोटो बघितले! तू मला चोर समजतेस?”

“चोर नाही म्हटलं. सूट सुरेख शिवलाय एवढंच म्हणते.”

“भांडू नका,” ती परकी बाई मध्येच म्हणाली. आम्ही दोघं दचकलो. गाबर फोन धरून बसला होता. “दोघांनी आत्ताच्या आत्ता गप्प बसा, नाहीतर मी उठून जातो,” बाई एखाद्या हवामानाच्या अंदाजासारखी म्हणाली. एरवी हे वाक्य तो म्हणाला असता तर खिडक्या हलल्या असत्या. मला हसू आलं, पण त्याच्या डोळ्यांकडे बघवेना. भाऊजी चपला घालून निघून गेले.

शेवटी गुरुवारी रात्री शुरूकच चिडली. “आई, तू सगळ्यांवर संशय घे, पण शुक्रवार थांबणार नाही!” तिनं माझ्या नाकावर टिच्चून ते फुकटचं बटण दाबलं. गाबरनं टाइप केलं, आणि खोलीत तो बोलला. तो, स्वतः, घोगरा, बाजारातला.

“काय बघतेस अशी? जेवायला वाढ.”

मी पदरात तोंड खुपसून स्वयंपाकघरात गेले. तरी परत आल्यावर मी त्याला म्हटलंच, “जपून बोल. फुकटात कुठंतरी सुरी लपलेली असते.”

पण लिलाववाल्याला जपून बोल सांगणं म्हणजे माशाला कोरडा राहा सांगणं. तीन दिवस बाईच्या आवाजात कोंडलेला माणूस मोकळा सुटला होता. शुक्रवारी सभागृहात तो प्रत्येक पाहुण्याशी बोलला. सरबतवाल्याला झापलं, साखर कमी म्हणून. बाजारातले जुने सोबती आले, तर त्यानं नवऱ्या मुलाचा, बिचाऱ्या मुहाबचा, दंड धरून चक्क लिलाव पुकारला, “ताजा माल! आजच सकाळी जाळ्यात सापडलाय! डोळे बघा, कसे चमकतात!” सभागृह हसून लोळलं. मुहाब कानापर्यंत लाल. त्याची आईसुद्धा हसली, जी साखरपुड्यातही हसली नव्हती. मलाही वाटलं, जाऊ दे इन्साफ, एक दिवस तरी कुणावर संशय घेऊ नको.

शेखसाहेब बसले. टेबलाच्या या बाजूला गाबर, त्या बाजूला मुहाब, उजवे हात हातात, वर पांढरा रुमाल. गाबरनं डावा हात फोनवर ठेवला आणि फोन माइकपाशी सरकवला. शौकी भाऊजी माझ्या शेजारच्या खुर्चीत, त्या सुटात. मंगळवारपासून आम्ही एक शब्द बोललो नव्हतो.

“म्हणा,” शेखसाहेब म्हणाले, “मी माझी मुलगी शुरूक.”

गाबरचं बोट फिरलं. “मी माझी मुलगी शुरूक,” त्याचा आवाज भिंतीपासून भिंतीपर्यंत गेला. बाजारातले एक म्हातारे डोळे पुसू लागले.

“तुला विवाहात देतो.”

बोट फिरलं. क्षणभर काहीच नाही. मग माइकमधून ती बाई बोलली, स्वच्छ, गोड.

“आपली मोफत शब्दमर्यादा संपली आहे. पुढे बोलण्यासाठी कृपया योजना निवडा.”

मागे कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच थांबलं. सात दिवस म्हणाले होते, पण दिवसांत शब्द मोजलेले होते, आणि ते त्यानं सरबतावर आणि लिलावावर उधळून टाकले होते. गाबर पुन्हा पुन्हा बटण दाबत होता. योजना निवडा. योजना निवडा. त्याच्या कपाळावरून घाम फोनवर टपकत होता.

आणि शौकी भाऊजी उठले.

मी त्यांच्या कोटाची बाही दोन्ही हातांनी धरली. “बसा! माझा नवरा जिवंत आहे अजून! खबरदार त्या रुमालाला हात लावलात तर!” हे मी हळू म्हटलं असं मला वाटलं. मागून समजलं, शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं होतं.

भाऊजींनी बाही ओढून सोडवली. पुढे गेले. शेखसाहेब त्यांच्याकडे बघून म्हणाले, “तुम्ही भाऊ ना? मुलीच्या वतीनं तुम्ही बोललात तरी चालेल. किंवा बापानं नुसती मान हलवली तरी निकाह होतो, मुक्याची खूण पुरते.”

गाबरनं जोरात मान हलवली. नाही. मुहाबचा हात त्यानं इतका घट्ट धरला होता की रुमाल चुरगळला.

भाऊजींनी दांडीवरून माइक काढला. टेबलाला वळसा घालून गेले आणि गाबरच्या शेजारी गुडघ्यांवर बसले, नव्या सुटासकट, फरशीवर. माइक त्याच्या ओठांना टेकवला.

“शेखसाहेब, पुन्हा सांगा,” ते म्हणाले. “माझा भाऊ स्वतः म्हणतोय.”

“मी माझी मुलगी शुरूक,” शेखसाहेब म्हणाले.

गाबरचे ओठ हलले. श्वास गळ्याच्या भोकातून जातो त्याचा, तोंडात वारा नाही, आवाज कुठून येणार? पण माइकमधून काहीतरी आलं. ओठावर ओठ पडल्याचं. जीभ टाळूला लागून सुटल्याचं. कोरडं, बारीक. सभागृहातला एकही माणूस हलेना. पंखे बंद करा, कुणीतरी कुजबुजलं, आणि पंखे बंद झाले.

“तुला विवाहात देतो.”

पुन्हा ते ओठ. आता कळत होतं. ते शब्द आमच्यातल्या प्रत्येकानं इतक्या निकाहांत ऐकले आहेत की नुसते ओठ वाजले तरी अर्थ कानात शिरत होता. वाक्य संपेपर्यंत शेखसाहेब एकेक तुकडा देत गेले आणि गाबर एकेक तुकडा ओठांनी ठोकत गेला, एकही न गाळता. भाऊजींचा हात अवघडला, पण माइक हलला नाही. आणि मी बघत होते त्या माणसाकडे, ज्याच्यावर मी चार दिवस डोळा ठेवला होता, आणि लाजेनं मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं.

“ऐकलं,” शेखसाहेब म्हणाले. त्यांनी दोन्ही साक्षीदारांकडे बघितलं. “तुम्ही?”

“ऐकलं.”

“ऐकलं,” दुसरा म्हणाला.

मुहाबनं स्वीकारलं म्हटलं तेव्हा त्याचाच आवाज फाटला होता. शेखसाहेबांनी रुमाल उचलला. आता मुलीच्या आईनं जीभ घोळवून आनंदाची पहिली किलकारी द्यायची असते, मग बाकीच्या बायका. अख्खी अनफुशी जाणते, माझी किलकारी धक्क्यावर उभ्या होड्यांपर्यंत पोचते. सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. शुरूक बघत होती.

गाबरनंही बघितलं. टेबलापलीकडून त्यानं ओठ हलवले. “ओरड की गं.”

मी तोंड उघडलं. काही केल्या आवाज फुटेना.