निळ्या ड्रेसची शिवण

दवाखान्यातला वजनकाटा खोटं बोलतो, याबद्दल मास्तरणीच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. म्हणे एकशे अठरा किलो! सहा वर्षांपूर्वी ब्याण्णव होतं, आणि तेव्हाचाच निळा ड्रेस आजही तिच्या अंगात व्यवस्थित बसत होता. शिंप्याच्या घरात काट्याची गरज काय? कपडा सांगतोच की.

डॉक्टरही तिला नको तेवढा साळसूद वाटला. गुडघे दुखतात म्हणून गेलेल्या बाईची त्याने आधी साखर तपासली, मग पोटाचं चित्र काढून दाखवलं. जठराच्या वरच्या भागाला पट्टा बसवायचा, म्हणजे चार घासांतच पोट भरतं.

"असंच चालू राहिलं तर दोन वर्षांत जिना चढता येणार नाही," तो म्हणाला. "ऑपरेशनचा विचार करा. शुक्रवारी कळवा."

काटा सव्वीस किलोंनी पुढे सरकवायचा, बाईला घाबरवायचं, की गिऱ्हाईक गळाला लागलंच. ती डॉक्टर, नर्स, सगळ्यांना मनातल्या मनात शिव्या घालत घरी आली.

पुढच्या खोलीत नवरा, गल्लीचा टेलर मास्तर, कापड बेतत होता. लग्नापासून तिचे कपडे तोच शिवायचा, दुसऱ्या कोणाला हात लावू द्यायचा नाही. ती आपली गिऱ्हाइकांची काजं-बटणं करायची.

"काय म्हणाले गं?"

"पोटाला पट्टा बांधायचा म्हणे. लुच्चा आहे मेला."

"काही गरज नाही. तू होतीस तशीच तर आहेस."

वर न बघता बोलला, आणि फार पटकन बोलला. ते तिला खुपलं.

आत जाऊन तिने अंगातला निळा ड्रेस उतरवून गाऊन चढवला, ड्रेस उलटा करून खिडकीशी धरला. शिवणीच्या कडेने जुन्या टाक्यांच्या भोकांची एक रांग होती. तिच्याशेजारी दुसरी, मग तिसरी. इस्त्री फिरवून बुजवलेली, पण उजेडात दिसायची ती दिसलीच. कपाटातल्या बाकीच्या कपड्यांचंही तेच.

तिने ड्रेस त्याच्यासमोर आपटला. "हे काय आहे?"

मास्तरने कात्री खाली ठेवली. "हा शिवला त्याच वर्षी घट्ट झाला म्हणून तू आरशासमोर रडली होतीस. मला बघवेना. तू दुपारी आडवी झालीस की जरा सैल करून ठेवायचो."

"सहा वर्षं?"

"आता शिवणीत सोडायला कापडच उरलं नाही."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सकाळपासून परक्यांवर संशय घेत होती, आणि लबाडी घरात, इस्त्री करून घडी घातलेली!

"तुमच्या या लाडापायी माझे गुडघे गेले, कळतंय का तुम्हाला?"

तिने स्टूल ओढलं आणि धापा टाकत बसली. रडू येत होतं, पण आता त्याच्यासमोर रडायचीही तिला भीती वाटली.

"खरं सांगा. गोड काही नको. करू का ऑपरेशन?"

"मला भीती वाटते गं."

"करायची, की न करायची?"

"दोन्हीची."

दिवसभरात तिने ऐकलेलं एवढंच तिला खरं वाटलं.