परकी शिलाई

माणूस बारीक झाला की चारचौघं त्याचं कौतुक करतात. मी आधी विचारते, कुणासाठी? इतकी वर्षं शिवणाचं दुकान चालवतेय, अर्ध्या वस्तीच्या कमरा माझ्या टेपवरून गेल्यात. कपडे आत घ्यायला येणारा माणूस सहसा कुणाला तरी दिसण्यासाठी बारीक झालेला असतो. लग्न ठरलेलं असतं, नाहीतर मोडलेलं. त्यामुळे आमचे हे बारीक व्हायला लागले तेव्हा मी कौतुक वगैरे काही केलं नाही. नजर ठेवली.

हे बस चालवतात. बस चालवणाऱ्याचं जेवण म्हणजे मिळेल तेव्हा, मिळेल ते, आणि निम्मं उभ्यानं. पोट इतकं पुढे आलेलं की स्टिअरिंग टेकायचं. माझीही तीच गत. शाळा सुरू व्हायच्या आधी दुकानात गणवेशांचा डोंगर लागतो, त्या दिवसांत मी चहा आणि बिस्किटांवर जगते. ‘मरायला फुरसत नाही’ हे आमच्या घरात दिवसातून किती वेळा म्हटलं जातं, देव जाणे. त्या हंगामाच्या अगदी सुरुवातीला यांनी एक पँट दुकानात आणून दिली होती. म्हणाले, “कमरेत जरा आत घे गं.” मी मान वर न करता म्हटलं, “ठेवा तिकडे. इथे मरायला फुरसत नाही.” त्यांनी ती ढिगावर ठेवली, आणि त्यावर आणखी ढीग आला.

त्याच सुमारास यांच्या डेपोत एक आहारवाल्या बाई आल्या. कामाच्या धबडग्यात असणाऱ्यांनी तब्येत कशी सांभाळावी, यावर त्यांचं भाषण झालं. तेव्हापासून घरात ‘बाई म्हणतात’ सुरू झालं. बाई म्हणतात, चहात साखर नको. बाई म्हणतात, डबा घरचाच न्या, सावकाश चावून खा. पाण्याची बाटली हाताशी ठेवा, घरी येताना थोडं आधी उतरून चालत या. मी जन्मभर साखरेवरून घसा कोरडा केला, तेव्हा ते पालथ्या घड्यावर पाणी. या बाईंनी एकदा सांगितलं आणि साखरेचा डबा थेट वरच्या फळीवर!

“दिसायला कशा आहेत हो तुमच्या बाई?” मी एकदा अगदी सहज विचारलं.

“कुठल्या बाई?” हे म्हणाले.

बघा! दिवसातून दहादा जिचं नाव घेता ती कुठली बाई म्हणून मलाच विचारताय? माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली ती तेव्हा. आमच्या यांना खोटं बोलता येत नाही, बोलले की कान लाल होतात. कान लाल झाले नाहीत हे मी पाहिलं होतं. पण संशयी माणसाला हवं तेवढंच दिसतं. मी म्हटलं, सराव झाला असेल.

मग मी डोळ्यात तेल घालून बघायला लागले. हे पाणी प्यायचे तर किती! बाटली भरायची, रिकामी करायची, परत भरायची. सिनेमाला गेलो तर मध्येच उठून बाहेर. पाहुण्यांत बसलो तर मध्येच उठून बाहेर. विचारलं तर म्हणे, “पाणी जास्त होतंय ना, जावं लागतं.” मला वाटायचं, फोनवर बोलायला जातायत.

आणि डबा! पथ्यावरचा माणूस कमी खातो की नाही? यांचा डबा चाटूनपुसून यायचा. मी भाज्या वाढवल्या, अंडी वाढवली, फळं घातली. वरच्या कप्प्यात मावेना तेव्हा मोठा डबा घेतला. तोही लख्ख. वर घरी आल्यावर, “काही खायला आहे का गं?” इतकं खाऊन हा माणूस वाळत चालला होता. याचा अर्थ सरळ होता. डबा दोघं मिळून खात होते.

दुकानात काजं-बटणं करायला एक मावशी येतात. त्यांना मी हे सांगितलं आणि आगीत तेल ओतलं गेलं. “पुरुष या वयात चालायला लागला ना,” दोरा दातानं तोडत मावशी म्हणाल्या, “की तो कुठे चालला ते बघावं.”

“आमचे हे तसले नाहीत, मावशी.”

“कुणाचेच नसतात, बाई. मग एक दिवस असतात.”

मी हसण्यावारी नेलं, पण माझी झोप उडाली. मला भीती वाटत होती, हे सरळ सांगते. राग नंतरचा. आमचं भांडणतंटा नसलेलं, थोडंसं कंटाळवाणं घर. दोघंही घाईत, दोघंही दमलेले. एक दिवस हा माणूस आपली बाटली उचलून निघून जाईल आणि मी गणवेशांच्या ढिगामागे बसून राहीन, असं चित्र मशीन चालवताना डोळ्यांपुढे यायचं.

आणि मग ती शिलाई सापडली. यांची पँट इस्त्री करायला उलटी केली, तर कमरेला मागच्या बाजूनं कापड आत घेतलेलं. तीच पँट, जी माझ्या दुकानात ढिगाखाली असायला हवी होती. शिलाई माझी नव्हती. मी कंबर मशीनवर मारते आणि शेवटी उलटी शिलाई घालते. हे हातानं घातलेले टाके होते, बारीक, एकसारखे, जिवापाड काळजीनं घातलेले. मी ते बोटानं चाचपले. बायको शिवणाचं दुकान चालवते आणि नवऱ्याच्या पँटला दुसऱ्याच हाताचे टाके! एखादीला नवऱ्याची दुसरी बाई अत्तराच्या वासावरून कळते, एखादीला चिठ्ठी सापडते. मला हे सापडलं. मी इस्त्री बंद केली, पँट पिशवीत टाकली, टेप तशीच गळ्यात, आणि भर दुपारी तडक डेपो गाठला. म्हटलं, आज त्या बाईला बघूनच येते.

डेपोच्या फाटकाशी भिंतीला टेकून एक म्हातारे शिंपीकाका बसतात. ड्रायव्हर-कंडक्टरांची बटणं लावणं, उसवलेलं शिवणं, असली कामं करतात. मशीन नाही, नुसती सुई. त्यांच्या मांडीवर कुणाची तरी खाकी पँट उलटी पसरली होती, आणि तिच्यावर तेच टाके होते.

मी पिशवीतली पँट काढून त्यांच्यापुढे धरली. “ही शिलाई तुमची?”

काकांनी चष्मा कपाळावर चढवून बघितलं. “माझीच. का, उसवली?”

“कुठली बाई घेऊन आली होती?”

“बाई? बाई कुठली? तो बाटलीवाला ड्रायव्हर घेऊन आला. सारखं पाणी पितो तो.” त्यांनी माझ्या गळ्यातली टेप बघितली. “तुम्ही त्याच्या घरच्या होय? मी म्हटलं होतं त्याला, अरे, घरात शिवणारी असताना माझ्याकडे काय येतोस. तर म्हणे, काका, तिचा हंगाम चाललाय, तिला आणखी कशाला त्रास.”

तरी आतला संशय एवढ्यात थोडाच मरतो. विचारलंच, “आणि त्या आहारवाल्या बाई? त्या येतात का इथे?”

“त्या एकदाच आल्या. काठी टेकत आल्या बिचाऱ्या, माझ्याहून मोठ्या असतील. बोलल्या मात्र छान.” काका हसले. “पहिलीच गोष्ट म्हणाल्या, काही सुरू करायच्या आधी रक्त तपासून घ्या. सगळ्यांनी माना डोलावल्या. पण त्यासाठी रजा कोण काढतो? ते सोडून तुमच्या नवऱ्यानं बाकी सगळं केलं.”

माझ्या डोक्यावरचं ओझं उतरलं. खरंच उतरलं, मला हसू फुटणार होतं. तेवढ्यात काका पँटवरून हात फिरवत म्हणाले, “कंबर ठीक आहे हो. पण परवा त्याच्या दुसऱ्या पँटच्या मांड्याही आत घ्याव्या लागल्या. दंडाला शर्टही लोंबतोय त्याचा. कापड कापलं नाही मी, नुसतं दुमडलंय. म्हटलं, परत अंग धरेल.”

“मांड्या?” मी म्हटलं.

माझं हसू तिथेच विरलं. पथ्यानं उतरणारा माणूस पोटातून उतरतो, आणि रोज चालणाऱ्याच्या मांड्या उलट भरतात. हे मला कुणी शिकवायला नको. मांडी आणि दंड रिकामे व्हायला लागले, वर भूक मोठी, तहान मोठी, हे मी पूर्वी एकदा पाहिलं होतं. आमच्या गल्लीतले पोस्टमन असेच दर थोड्या दिवसांनी पँट आत घ्यायला यायचे. मी त्यांना म्हणायचे, “काय बाई तुमची तब्येत, अगदी पोरगेले दिसता!” त्यांची शेवटची पँट न्यायला कुणी आलंच नाही. रक्तातली साखर, असं नंतर त्यांच्या बायकोनं सांगितलं. ती पँट माझ्या दुकानात अजून खुंटीला आहे.

विश्रांतीच्या खोलीत हे मोठा डबा उघडून बसले होते, भोवती चार ड्रायव्हर. यांचं प्रवचन चाललं होतं. “पाणी, पाणी प्या भरपूर. माझं बघा!” मला बघून उठले, दोन्ही हात पसरून म्हणाले, “आलीस? सांग यांना, मी किती उतरलो ते.”

“उभे राहा नीट,” मी म्हटलं.

मी टेप काढली आणि चारचौघांत यांच्या मांडीला लावली. कुणीतरी म्हणालं, “वहिनी, सूट शिवताय का?” सगळे हसले. यांची मापं मला पाठ आहेत. टेपचं टोक नेहमी ज्या आकड्यावर भेटायचं, त्याच्या कितीतरी अलीकडेच ते भेटलं. जवळून चेहरा बघितला, तर गालांची हाडं वर आलेली. रोज एका ताटापाशी बसून मी हा चेहरा फक्त खोटं शोधायला बघत होते.

“चला,” मी म्हटलं. “दवाखान्यात.”

“अगं, माझी फेरी आहे आता. मरायला फुरसत...”

“तीच काढायला निघालात तुम्ही! चला म्हणते ना!”

माझा आवाज चढला. मघाशी हसणाऱ्यांतलाच एक उठून म्हणाला, “जा रे, तुझी फेरी मी नेतो.”

दवाखान्यात नर्सनं बोटातून थेंब घेतला, यंत्राकडे बघितलं, आणि दुसरं यंत्र आणलं. मग डॉक्टर स्वतः आले. साखर इतकी होती की घरी सोडायचा प्रश्नच नव्हता. हाताला सलाईन लागली. डॉक्टर विचारत गेले आणि हे सांगत गेले. हो, तहान फार लागते. हो, दमायला होतं. संध्याकाळी समोरच्या गाड्यांचे दिवे पसरट दिसतात. आणि मागे भरलेली बस असायची.

“म्हणजे बाईंचं सगळं चुकलंच की,” हे हिरमुसून म्हणाले.

“सवयी उत्तम आहेत, त्या सोडू नका,” डॉक्टर म्हणाले. “पण वजन सवयींनी उतरत नव्हतं, आजारानं उतरत होतं. आणखी थोडे दिवस गेले असते तर बेशुद्ध होऊन आला असता. बसही आता दृष्टी तपासून मगच.” मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. “घरात कुणाच्याच लक्षात आलं नाही?”

“आलं ना,” हे चटकन म्हणाले. “हिच्या पहिल्यापासून लक्षात आलं होतं. कधीची मागे लागली होती, तपासून घ्या म्हणून. मीच ऐकलं नाही.”

यांचे कान लालभडक झाले होते. इतके दिवस मी या माणसाचं खोटं पकडायला टपून बसले होते. सापडलं ते हे एवढंच, आणि तेही माझ्यासाठी बोललेलं.

“खोटं बोलतायत, डॉक्टर,” मी म्हटलं. “पँट सैल झाली म्हणून यांनी हंगामाच्या सुरुवातीलाच मला आणून दिली होती. मी ती ढिगात टाकली. नंतर सगळं दिसत होतं, पाणी, भूक, सगळं. मला वाटलं, यांना दुसरी बाई आहे.”

हे माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता मोठ्यानं हसतील. पण ते हसले नाहीत.

“त्यासाठी आली होतीस डेपोत?”

“हो.”

“भांडायला?”

“हो.”

त्यांनी सलाईनचा हात तसाच ठेवला, आणि दुसऱ्या हातानं माझ्या गळ्यातली टेप धरून मला ओढून शेजारी बसवलं. पिशवीत फोन वाजत होता, बहुतेक गणवेशांसाठी असेल. मी उचलला नाही.