फळ : पाहिलेले नाही

मला पहिल्यांदा खटकली ती फक्कीची रेघ.

मी एक झुडूप बोलतेय. बेळगावहून निपाणीकडे येताना एक उघडा, खडकाळ माळ लागतो, त्यावरचं. झुडूप खरं तर ‘ते’ असतं, पण माळावर येणारी रचना नावाची मुलगी मला ‘ही’ म्हणते, म्हणून मीही तसंच बोलते. तर परवा सकाळी कुणीतरी माझ्या बुंध्यापासून वीतभर अंतरावर पांढरी फक्की ओतत गेलं. सरळ, लांब रेघ. मी रेघेच्या आत. मी तशी भित्रीच, शेळी शिंकली तरी माझी पानं हलतात. त्या दिवशी वारा नव्हता तरी हलली.

आई मला आठवत नाही. बी होते तेव्हा केसांचा झुपका घेऊन मी तिच्यापासून उडाले आणि खडकाच्या फटीत पडले, एवढंच ठाऊक आहे. फटीत मूठभर माती होती, ती पुरली. शेवंती, झेंडू, सूर्यफूल ही माझीच नातलग. त्यांना हार मिळतात, शेतं मिळतात. मला मिळालं चुकीचं नाव. गावात सगळे मला रानमोडी म्हणतात.

रानमोडी म्हणजे माजलेलं तण, दिसली की उपटायची. तीही आमच्याच कुळातली आणि लांबून अगदी माझ्यासारखी. जवळ आलात तर कळतं, तिची पानं समोरासमोर, माझी एकाआड एक. पण रानमोडीच्या जवळ कोण जातं?

रचना आली. शहापूरच्या विणकराची मुलगी, बेळगावच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकते. घरी मागावर धागे मोजायची सवय, तशीच ती माळावर पालथी पडून भिंगातून मला मोजत बसली. तुम्ही ज्याला माझं एक फूल म्हणता, ती एकोणीस जांभळ्या फुलांची वस्ती आहे, हे मलाही तिच्यामुळेच कळलं. तिनं एक फांदी वर्तमानपत्रात दाबून नेली. चार महिन्यांनी धापा टाकत परत आली. तिच्या सरांनी सगळं पडताळून पाहिलं होतं. असं झुडूप कुठल्याही पुस्तकात नव्हतं.

मग ती माझं वर्णन लिहायला बसली. उंची, खोडावरची राखाडी लव, पानांच्या कडा. एका ओळीपाशी मात्र तिचं पेन थांबलं. ‘फळ : पाहिलेले नाही.’ पिकलेलं बी आणि त्याच्या टोकावरचे केस पाहिल्याशिवाय मला नाव देता येणार नाही, असं सरांनी सांगितलं होतं. आम्ही माळावर सात जणी होतो, दुसरीकडे तिला एकही सापडली नाही. गेल्या वणव्यात चार जळाल्या. उरलेल्या तिघींत बी धरलं ते मी एकटीनंच.

बी उडून जाऊ नये म्हणून तिनं माझ्या शेंड्यावर मलमलची पिशवी बांधली. काल संध्याकाळी बोटानं चाचपून म्हणाली, “बुधवारी सुटेल.” आज मंगळवार आहे.

ती रेघ गावच्या लक्ष्मीदेवीच्या यात्रेसाठी होती. माळ सपाट करून गाड्या लावायच्या होत्या. रचना दोनदा यात्रा कमिटीच्या मारुतीरावांकडे जाऊन आली. मनुष्य चांगला, तिला चहा पाजला, पण रानमोडीसाठी एवढी धडपड कशाला, हे त्यांना कळेना. कट्ट्यावरच्या कुणीतरी विचारलं, “पिशवी कशाला बांधल्यासा? थंडी वाजतीया व्हय तिला?” सगळे हसले. ती परत येऊन माझ्याजवळ बसली आणि ही रानमोडी नाही, रानमोडी नाही, असं मलाच सांगत राहिली.

आज सकाळी पिवळं मशीन आलं. काल यायचं होतं, वाटेत टायर फुटला. चालवणारा भरमा, चिकोडीकडचा. रचना गाडी लावून धावत येईपर्यंत त्यानं आमच्यातली पहिली उपटली होती. खडकातून मुळं निघताना आवाज होतो. मला ते माहीत नव्हतं.

रचना हात पसरून माझ्यापुढे उभी राहिली. नवी जात, जगात दुसरीकडे नाही, असं काय काय तिनं सांगितलं. भरमानं शांतपणे ऐकलं.

“आक्का, असली आमच्या बांधावर ढिगानं हायती. मारुतीरावांस्नी विचारा. ते नको म्हणाले तर थांबतो.”

तिनं फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. तेवढ्यात भरमा पलीकडून वळसा घालून गेला आणि दुसरीही गेली.

शेळ्या घेऊन आलेली मालुबाई हे बघत उभी होती. ती रचनाला म्हणाली, “पोरी, त्याला झाड काय सांगतीस? वार सांग की.”

रचनाला कळेना. मालुबाईनं समजावलं. यात्रेआधीचे पाच मंगळवार गाव पाळतं, त्या दिवशी मातीला लोखंड लावायचं नाही. पहिला वार आजचाच. कालच दवंडी झाली. भरमा परगावचा, त्याला कोण सांगणार?

भरमा घुटमळला. देवीचं असेल तर त्यालाही नको होतं, पण काम सांगणाऱ्याचा शब्द हवा होता. मालुबाई म्हणाली, सगळं गाव देवळात बसलंय, फोन कोण उचलतंय. रचना नंबर दाबत राहिली. तीनदा, चारदा. भरमानं वाट पाहून मशीन सुरू केलं. बकेटची सावली माझ्या पिशवीवर आली.

वाचणाऱ्यांनो, मी आयुष्य मागत नाही. बुधवारी हेच मशीन परत येईल आणि रेघ आहे तिथेच असेल. मला फक्त आजचा दिवस द्या, बी सुटेपर्यंत. नाव असलेलं झाड गेलं तर ते गेलं असं तरी म्हणता येतं. माझ्याबद्दल कुणी काय म्हणेल? रानमोडी काढली म्हणतील.

“हॅलो?” फोनमधून आधी घंटा ऐकू आल्या, मग मारुतीरावांचा आवाज. “कोण? शहापूरची पोरगी व्हय?”

रचनानं पाठ केलेलं सगळं सोडून दिलं.

“आप्पा, आज मंगळवार. माळावर मशीन लागलंय.”

ते देवळाबाहेर आले असावेत, घंटा मागे पडल्या. मग मारुतीराव म्हणाले, “भरमाच्या कानाला लाव फोन.”