जुळ्यांपैकी एक

सकाळी सव्वाअकरा वाजता स्वप्नाच्या पोटातली गाठ काढली. चौथा महिना चालू होता. नारळाएवढी गाठ उजव्या अंडाशयावर वाढून देठापाशी पिळली गेली होती. गर्भाशयातलं मूल सुखरूप होतं. हे १९९८च्या डिसेंबरात, वसईतल्या एका खाजगी इस्पितळात घडलं.

सासू जयवंती ऑपरेशनच्या खोलीबाहेर बसून होती. सुनेला जुळं आहे याबद्दल तिला शंकाच नव्हती. चौथ्यातच पोट सहाव्यासारखं दिसत होतं, शिवाय वाडीतलं जुळं केळं तिनंच हौसेनं सुनेला खाऊ घातलं होतं. त्यांच्या वाघोली गावभर सांगूनही झालं होतं. पहाटे स्वप्ना पोट धरून ओकायला लागली तेव्हा "दोघांची दांडगाई, दुसरं काय," म्हणत तिनं शेक दिला. सोनोग्राफीत मूल एकच निघालं, ते तिला पटलं नाही.

काढलेलं नातेवाइकांना दाखवायची इस्पितळाची रीत होती. जयवंतीचा मुलगा उमंग रक्त आणायला गेलेला, म्हणून सेलिन सिस्टरनं ट्रे तिच्यापुढे धरला. मागोमाग डॉक्टर ज्ञानदा आल्या. चिरलेल्या गाठीत पिवळी चरबी होती, काळ्या केसांचा पुंजका होता आणि कडेला दोन दात.

जयवंतीनं पदर तोंडाला लावला. "दात आले होते हो याला."

"मूल नाही हे, मावशी. अशा गाठीत केस, दात धरतात," डॉक्टर म्हणाल्या.

"बाई, तुम्ही शिकलेल्या. पण मीही चार बाळंतपणं काढलीत."

"चौथ्या महिन्यात दात?" सेलिन म्हणाली. "तुमच्या नातवाला काय चकल्या खायच्या होत्या?"



"गाठ दिसायला साधी आहे," डॉक्टर म्हणाल्या, "पण एका जागी मला टणक लागली. तपासून आल्याशिवाय मी निर्धास्त नाही." गाठ औषधाच्या बरणीत घालून त्यांनी तिच्या हाती दिली. उमंग आला की त्यानं ती मुंबईच्या लॅबमध्ये पोचवायची होती.

केसादातांचा जीव परक्या माणसांनी कापायचा, हे जयवंतीला सोसेना. तिनं रिक्षा केली. वाडीत सोनचाफ्याखाली स्वतः खड्डा खणला, बरणी उपडी केली, वर दूध शिंपडून माती लोटली.

परत आली तेव्हा उमंग दारातच होता. "आई, बरणी कुठाय?"

"शेजारच्या श्रीपतबरोबर धाडली. तो मुंबईलाच निघाला होता."

"बरं केलंस. मला इथनं हलता येत नाहीये. तिला रक्त जातंय."

आत स्वप्ना नुकती शुद्धीवर येत होती. तिनं सासूचं मनगट धरलं. "आई, दुसरं गेलं का हो?"

"नीट केलंय त्याचं सगळं. तू एकाला सांभाळ."

आठवड्यानं लॅबनं उमंगला फोनवर सांगितलं, या नावाची बरणी आलेलीच नाही. "शोधा ती," ज्ञानदा म्हणाल्या. "आत काय होतं ते कळल्याशिवाय पुढचं काही ठरवता येणार नाही." त्या दुपारी बाळाचे ठोके ऐकू आले, पण रक्त जायचं थांबलं नव्हतं. जयवंती पलंगाच्या पायथ्याशी बसून सुनेचे पाय चेपत होती. उमंगनं श्रीपतला बोलावणं धाडलं होतं. तो अजून आलेला नव्हता.